फ्रेझरने माफ का करावं?

३ जूनला मोहम्मद अलीची पुण्यतिथी, त्या दिवशी आमच्याकडे ग्रुपवर अली सुरू होतो. फुलपाखरू, मधमाशी, व्हिएतनाम, थरथरत्या हाताने ऑलिंपिकची ज्योत पेटवतानाचा तो व्हिडिओ, सगळं येतं आणि यावंच, माझी काही तक्रार नाही, मी स्वतः अलीचाच माणूस. ७ नोव्हेंबरला मात्र सामसूम. अलीला पहिल्यांदा हरवणारा हेवीवेट बॉक्सर, जो फ्रेझर हे त्याचं नाव, तो त्या दिवशी २०११ साली गेला, लिव्हरच्या कॅन्सरने, वय ६७. तेही ठीक, सगळ्यांच्या पुण्यतिथ्या कोण पाळत बसणार. माझं डोकं फिरतं ते एका वाक्याने, फ्रेझरचा विषय निघाला की कोणीतरी ते बोलतोच. "फायटर भारी होता रे, पण मनाचा कोता. अलीने सॉरी म्हटलं तरी ह्याने शेवटपर्यंत डूख धरला."

२०२५ च्या मार्चमधे जॉर्ज फोरमनही गेला, म्हणजे त्या काळातले तिन्ही मोठे हेवीवेट आता नाहीत, आणि तेव्हा तिघांच्या गोष्टी परत फिरायला लागल्या तसं हे वाक्यही परत फिरायला लागलं. अली संत, फोरमन हसतमुख आजोबा, आणि फ्रेझर कोपऱ्यात बसून कुढणारा म्हातारा. मला हे पटत नाही. फ्रेझर कुढत होता हे खरं, पण त्याला कुढायचं कारण होतं, ते कारण अजूनही कोणी नीट उघडून बघत नाही, आणि जी माफी त्याच्या खिशातली होती ती आपण इथे कुडाळ-मालवणात बसून त्याच्या वतीने वाटतोय.

आधी माणूस कोण ते बघा. साउथ कॅरोलायनातलं ब्यूफोर्ट, समुद्राकाठचा पाणथळ भाग, १९४४ चा जन्म, बारा भावंडांत शेवटचा. बापाचा डावा हात गेलेला, त्यामुळे शेतावर बापाला जिथे दुसरा हात लागायचा तिथे हा पोरगा उभा. लहानपणी एकदा डुक्कर मागे लागलं, पळता पळता पडला, डावा हात दुखावला, डॉक्टरकडे न्यायला पैसे कुठले, तो हात पुढे कधी पूर्ण सरळ झालाच नाही. पुढे अख्ख्या जगाला जो लेफ्ट हुक माहीत झाला तो ह्याच वाकड्या हाताचा. घरामागे गोणपाटात चिंध्या, विटा आणि मक्याची बुरकुंडं भरून झाडाला टांगलेली, ती त्याची पंचिंग बॅग. एका गोऱ्या शेतमालकाशी खटका उडाला आणि पंधराव्या वर्षी बस पकडून भावाकडे न्यूयॉर्कला गेला, तिथून फिलाडेल्फिया. गावात भागत नाही म्हणून रात्रीच्या गाडीत बसून शहरात नातेवाईकाच्या खोलीवर पडणारा पोरगा कसा असतो हे कोकणातल्या माणसाला मी काय सांगू. फिलाडेल्फियात कत्तलखान्यात काम मिळालं. तिथे टांगलेल्या मांसावर तो ठोसे मारायचा, आणि ही गोष्ट नंतर सिनेमात दुसऱ्याच्या नावावर गेली, त्यावर पुढे येतो.

१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकला तो मुळात राखीव म्हणून गेला होता. बस्टर मॅथिसच्या हाताला दुखापत झाली म्हणून ह्याचा नंबर लागला. सेमीफायनलमधे डावा अंगठा मोडला, कोणाला सांगितलं नाही, फायनल तशीच खेळला आणि गोल्ड घेऊन आला, त्या वर्षी अमेरिकेचं बॉक्सिंगमधलं एकमेव गोल्ड. घरी आला तर मोडलेल्या हातामुळे कत्तलखान्याचं कामही करता येईना. ऑलिंपिक चॅम्पियन, बायकापोरं, आणि हाताला काम नाही.

आता अली. २८ एप्रिल १९६७ ला ह्यूस्टनमधे त्याने सैन्यभरतीला नकार दिला, त्याचं बॉक्सिंगचं लायसन गेलं, टायटल काढून घेतलं, साडेतीन वर्षं रिंगबाहेर. ह्यात तो खरोखर मोठा आहे, त्याबद्दल माझ्या मनात तसूभरही शंका नाही. त्याच्या रिकाम्या खुर्चीसाठी जी स्पर्धा भरवली तिच्यात फ्रेझर उतरला नाही. ह्याला काही लोक त्यागाचा रंग देतात तेवढं मात्र नको, त्याचा ट्रेनर यँक डरहॅम धंद्यात पक्का होता, वेगळ्या वाटेने टायटलपर्यंत जाता येईल हा त्याचा हिशोब होता. पण बाकीचं काय? अलीला लायसन परत मिळावं म्हणून फ्रेझर उघडपणे बोलला, राष्ट्राध्यक्ष निक्सनपर्यंत शब्द टाकला, अडचणीच्या काळात अलीला पैसे दिले असं तो शेवटपर्यंत सांगायचा. ह्यात स्वार्थ होता का? होता ना. अलीला हरवल्याशिवाय त्याला कोणी खरा चॅम्पियन मानणार नव्हतं. पण स्वार्थाने का होईना, पडलेल्या माणसाला हात देणारा तो होता, आणि त्या वेळी असे हात फार नव्हते.

अलीने परतफेड केली ती अशी की ८ मार्च १९७१ च्या मॅचआधी त्याने फ्रेझरला अंकल टॉम ठरवलं. म्हणजे गोऱ्यांचा गुलाम, मालकाच्या ताटाखालचं मांजर. फ्रेझरच्या बाजूने असणारा काळा माणूसही अंकल टॉमच, असंही तो बोलला. आता जरा दोघांचं बघा. लुईव्हिलमधे अलीचा बाप पाट्या रंगवणारा, स्वतःचं घर असलेला, पोराला सायकल घेऊन देणारा, श्रीमंत नाही पण खाऊनपिऊन सुखी. फ्रेझर शेतमजुराचा पोर. फ्रेझरच्या मागे फिलाडेल्फियातल्या गुंतवणूकदारांची क्लोव्हरले नावाची कंपनी होती, बरेचसे गोरे, म्हणून तो गोऱ्यांचा, असं म्हणायचं तर अलीची स्वतःची सुरुवात कोणी करून दिली? लुईव्हिलच्या ११ गोऱ्या धनिकांच्या ग्रुपने. हे अलीला माहीत नव्हतं असं तर नाही. फ्रेझर युद्धावर का गेला नाही, तर लग्न झालेलं, पोरं होती, त्याला बोलावलंच नाही. त्याने युद्धाच्या बाजूने भाषणं ठोकली नव्हती. ज्या गोऱ्यांना अली कधी एकदा थोबाडावर पडतो असं झालं होतं ते फ्रेझरच्या मागे येऊन उभे राहिले, ह्याने काय आमंत्रण दिलं नव्हतं. पण एकदा शिक्का बसला की बसला. ब्रायंट गंबेल, जो पुढे टीव्हीवरचा मोठा माणूस झाला, स्वतः काळा, त्याने एका बॉक्सिंगच्या मासिकात लेख लिहिला, फ्रेझर हा काळ्या कातडीतला गोरा चॅम्पियन आहे का असा. घरी धमक्या यायला लागल्या, पोलीस ठेवावे लागले, पोरांना शाळेत त्रास झाला.

आणि मॅच झाल्यावर जेमतेम महिनाभराने साउथ कॅरोलायनाच्या विधिमंडळापुढे बोलायला फ्रेझरला बोलावलं. यादवीनंतरचा तो पुनर्रचनेचा काळ सरल्यापासून तिथे बोलणारा तो पहिला काळा माणूस. हा म्हणे अंकल टॉम.

मॅचबद्दल तर किती बोलावं. मॅडिसन स्क्वेअर गार्डन, दोघेही तोवर एकही न हरलेले, फ्रँक सिनात्रा रिंगच्या काठाला कॅमेरा घेऊन फोटो काढत होता. त्याच रात्री पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया नावाच्या गावात काही युद्धविरोधी लोकांनी एफबीआयचं ऑफिस फोडलं, सगळं जग मॅचला चिकटलेलं असणार म्हणूनच ती रात्र निवडली, आणि तिथून जी कागदपत्रं बाहेर आली त्यातून सरकार आपल्याच लोकांवर कशी पाळत ठेवतं ते उघड झालं. म्हणजे ह्या दोघांनी एकमेकांना मारत असताना तिसरीच मोठी गोष्ट घडवून दिली, दोघांना पत्ताही नाही. असो. पंधरावा राउंड यूट्यूबवर आहे, बघा. फ्रेझर पाच फूट साडेअकरा इंच, अलीपेक्षा साडेतीन इंचाने बुटका, चौदा राउंड तोंडावर जॅब खात खात खालून घुसत आलाय, चेहऱ्याचा आकार बदललाय, आणि त्या अवस्थेत तो डावा हात कमरेजवळून वर आणतो, अलीच्या जबड्यावर बसतो आणि अली पाठीवर. पाय वर, बुटांना बांधलेले लाल गोंडे हवेत. अली उठला पण, लगेच उठला, हे त्याचं मोठेपण, बाकी कोणी उठला नसता. निकाल एकमताने फ्रेझर. एका जजने तर ११–४ दिला होता. त्यानंतर फ्रेझर हॉस्पिटलमधे पडला, मेला अशीसुद्धा अफवा उठली.

तेव्हा अलीचे वकील, म्हणजे आपणच सगळे, काय सांगतो? "अरे ते तिकीट खपवायला होतं. पब्लिसिटी." ह्या युक्तिवादात एक साधी अडचण आहे, पैशाची. त्या मॅचचे दोघांनाही २५-२५ लाख डॉलर ठरलेले होते, उक्ते, गल्ला कितीही जमो. म्हणजे अलीने फ्रेझरला सभ्य भाषेत चिडवलं असतं तरी २५ लाख आणि गुलाम म्हटलं तरी २५ लाखच. आणि मॅच खपायला मदत हवी होती कुठे? दोन न हरलेले चॅम्पियन, साडेतीन वर्षांचा वनवास भोगून आलेला अली, ती मॅच दोघं तोंडाला कुलूप लावून बसले असते तरी खपली असती. शिव्यांमुळे मिळालं असेल तर एकच, सहानुभूती, आणि ती दुसऱ्याच्या खिशातून काढलेली.

आमच्याकडे जत्रेत धयकालो होतो, दशावतार. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी, त्यात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण कुठला पार्ट करणार ते ठरतं, तोंड रंगवायचं आणि उभं राहायचं, संवाद तिथल्या तिथे. राजपार्टवाला बोलला की राक्षसपार्टवाल्याला उत्तर द्यायचा पूर्ण हक्क, आणि जिभेचा तिखट असेल तर पब्लिक राक्षसाला टाळ्या देतं, राजा बघत राहतो. पहाटे राक्षस मरतो पण मग तो तोंड धुतो, चहा घेतो आणि पेटारा उचलून पुढच्या गावाला जातो, त्याला कोणी रस्त्यात राक्षस म्हणून दगड मारत नाही. अलीने जो खेळ मांडला त्यात राजपार्ट स्वतःकडे, राक्षसपार्ट फ्रेझरला न विचारता दिलेला, संवाद दोघांचेही अलीच बोलणार, कारण फ्रेझरची जीभ मुळात जड, तो कॅमेऱ्यासमोर अडखळायचा. आणि खेळ संपल्यावर ह्याने तोंड धुवायचं कुठे? त्याचा रंग उतरलाच नाही. शाळेत पोरं त्याच्या पोरांना छळत होती ते त्या रंगामुळेच.

मनिलाला, दोघांच्या तिसऱ्या मॅचला, तर कळसच झाला. १ ऑक्टोबर १९७५, क्वेझॉन सिटीतलं अरानेता कोलिझियम, बाहेर फिलिपिन्सचा हुकूमशहा मार्कोसचा मार्शल लॉ. अमेरिकेतल्या टीव्हीच्या सोयीसाठी मॅच तिथल्या सकाळी, आत नुसती भट्टी. त्याआधी पत्रकार परिषदांमधे अली खिशात रबराचा छोटा गोरिला घेऊन फिरत होता, तो काढायचा आणि त्याला ठोसे मारायचा, हा बघा जो फ्रेझर, आणि पत्रकार खिदळायचे. मला हा भाग सगळ्यात खुपतो. कारण काळ्या माणसाला माकड म्हणणं हे कोणाचं हत्यार आहे हे अलीइतकं चांगलं कोणाला माहीत होतं? आपण देखणे आहोत, काळा रंग सुंदर आहे हे जो माणूस जगाला ओरडून सांगत होता तोच आपल्यापेक्षा काळ्या, बसक्या नाकाच्या माणसाला जनावर म्हणून दाखवत होता. म्हणजे सुंदर काळा आणि कुरूप काळा अशी वाटणी त्याने स्वतःच करून दिली. त्याच्या राजकारणातला हा लहानसा डाग नाही, त्या राजकारणाच्या मुळावरच येतं हे.

आपल्याकडे हे चालून जातं कारण आपल्या अंगवळणी पडलंय. उन्हात रापलेल्या पोराला काळ्या म्हणून हाक मारायची, स्थळ बघताना मुलगी गोरी हवी हे आईसमोर बिनदिक्कत बोलायचं, आणि त्यात वाईट ते काय, गंमत असते, असं वर म्हणायचं. म्हणूनच तो रबरी गोरिलाचा व्हिडिओ रील होऊन येतो, खाली सॅव्हेज लिहिलेलं असतं, आगीचे इमोजी, आणि आमची पोरं लाइक ठोकतात.

मॅचमधे काय झालं ते तुम्हाला माहीत असेल. चौदा राउंड. फ्रेझरला एका डोळ्याने आधीपासूनच नीट दिसत नव्हतं, मोतीबिंदू, वर्षानुवर्षं लपवलेला, आणि दुसरा डोळा सुजून मिटत चाललेला. पंधराव्यासाठी तो उठायला लागला तर त्याचा ट्रेनर एडी फच म्हणाला बस, संपलं. फ्रेझर नको नको म्हणत राहिला. फचने रिंगमधे माणसं मेलेली बघितली होती, त्याला अजून एक बघायचं नव्हतं. मॅच थांबली तेव्हा गुणांच्या तिन्ही कार्डांवर अली पुढे होता, त्यामुळे एक राउंड अजून झाला असता तर फ्रेझर जिंकला असता ह्या गप्पांना मी फारसा भाव देत नाही, नॉकआउट करावा लागला असता आणि समोरचं दिसत नव्हतं. पण अली स्वतःच म्हणाला की मरणाच्या सगळ्यात जवळ गेलो ते इथे. त्याला तिथवर नेणारा माणूस गोरिला नव्हता एवढं त्याला त्या दुपारी कळलं असावं, कारण मॅचनंतर त्याने फ्रेझरच्या पोराला, मार्व्हिसला, बोलावून घेतलं आणि सांगितलं, बापाला सांग मी जे बोललो ते मनापासून नव्हतं.

आता इथे थांबा जरा, कारण मनाचा कोता ह्या वाक्याचं उत्तर इथे आहे. मार्व्हिसने निरोप दिला तेव्हा फ्रेझर म्हणाला, मला येऊन सांगायला काय झालं? पंधरा वर्षांच्या पोराच्या हाती माफी पाठवायची? पुढे २००१ मधे, तीस वर्षांनी, अलीने परत सॉरी म्हटलं, तेव्हा कोणाला म्हटलं? न्यूयॉर्क टाइम्सला. मुलाखतीत. फ्रेझर आधी म्हणाला चला, झालं गेलं, आणि मग त्याच्या डोक्यात परत तेच आलं की पेपराला सांगितलंस, मला कधी सांगणार. दोन वेळा माफी मागितली, दोन्ही वेळा तिसऱ्याच्या मार्फत. शिव्या मात्र सगळ्या समोरासमोर, माइकवर, कॅमेऱ्यात बघून. कोणाही गावकऱ्याला विचारा, चार माणसांत अपमान केला आणि मग शेजाऱ्याकडे निरोप ठेवला की सॉरी सांगा त्याला, तर तो मिटला असं कोण धरेल? बांधावरून भांडलेले दोघे भाऊ सुद्धा गणपतीत एकमेकांच्या घरी स्वतः जातात, माणूस पाठवत नाहीत.

मी फ्रेझरला देव करत नाहीये. १९९६ ला अटलांटाला पार्किन्सनने खिळखिळा झालेला अली ज्योत पेटवत होता आणि फ्रेझर म्हणाला की संधी असती तर त्याला त्या आगीत ढकललं असतं. अलीच्या आजाराकडे बोट दाखवून हे माझं काम, मी केलं, असंही तो बोलायचा. हे घाणच आहे, ऐकवत नाही. त्याला जवळच्या लोकांनी समजावलं, पोराने समजावलं, तो परत परत तिथेच यायचा. पण हे बोलणं पुरावा म्हणून कोणाच्या विरुद्ध वापरायचं, हा प्रश्न आहे. लोक ते फ्रेझरच्या विरुद्ध वापरतात, बघा किती विखारी. मला ते जखमेच्या खोलीचा पुरावा वाटतं. २५ वर्षांनी माणूस असा बोलतो तेव्हा जे झालं ते पब्लिसिटी नव्हती एवढं तरी कळायला हवं. शेवटी २०११ ला फिलाडेल्फियात फ्रेझरच्या अंत्यविधीला अली आला, धड चालताही येत नव्हतं, तरी लोकांबरोबर उभा राहून त्याने टाळ्या वाजवल्या. चांगलंच केलं. फक्त ज्याच्यासाठी वाजवल्या तो ऐकायला नव्हता.

फ्रेझर कुठे कुठे हरवलाय ह्याचा एक नमुना सांगतो. आमच्या इथे पत्र्याच्या शेडमधे एक जिम आहे, वजनं अर्धी गंजलेली, एका कोपऱ्यात चिकटपट्ट्या मारलेली पंचिंग बॅग, आणि मागच्या भिंतीवर फ्लेक्स, अली हात आडवा धरून ओरडतोय आणि खाली एक माणूस उताणा. तुम्ही बघितलाच असेल, तो फोटो नसलेली जिम सापडणार नाही. तिथला एक पोरगा, चांगला हात चालतो त्याचा, मला म्हणाला, "खाली पडलो तो फ्रेझर मा?" मी म्हटलं नाही रे, तो सॉनी लिस्टन, २५ मे १९६५, अमेरिकेतल्या मेन राज्यातलं लुईस्टन, पहिलाच राउंड. तर म्हणतो, "मगे फ्रेझर खंयचो?" ह्याला काय उत्तर द्यायचं. अलीच्या पायाशी पडलेला माणूस म्हणजे फ्रेझर, हे पोराच्या डोक्यात कोणी घातलं नाही, आपोआप बसलंय. उलटा फोटो पण आहे, अली आडवा आणि फ्रेझर पाठ फिरवून आपल्या कोपऱ्याकडे निघालेला. त्याचा फ्लेक्स छापलेला मी अजून बघितलेला नाही. (लिस्टनचं काय झालं हा आणखी वेगळा आणि दुःखी विषय आहे, त्यात आता शिरत नाही.)

हे फक्त आमच्या जिमचं नाही. खुद्द फिलाडेल्फियात बघा. रॉकी सिनेमात हिरो टांगलेल्या मांसावर ठोसे मारतो, ते फ्रेझरचं. त्या रॉकीचा, म्हणजे जो माणूस कधी जन्मालाच आला नाही त्याचा, पुतळा सिनेमासाठी बनला आणि २००६ पासून म्युझियमच्या पायऱ्यांशी पक्का बसला, लोक रांग लावून फोटो काढतात. त्याच शहरात राहिलेला, तिथेच मेलेला खरा चॅम्पियन, त्याचा पुतळा उभा राहिला २०१५ ला, तो गेल्यावर चार वर्षांनी. नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवरची त्याची जिम, जिच्या वरच्या मजल्यावर तो राहायचा, जिथे गल्लीतली पोरं शिकवून त्याने म्हातारपण काढलं, ती २००८ ला बंद पडली आणि तिथे स्वस्त फर्निचरचं दुकान आलं. नंतर ती इमारत ऐतिहासिक म्हणून यादीत घेतली. आपण तरी काय वेगळे आहोत म्हणा, अलीशी १९८० मधे दिल्लीत प्रदर्शनी लढत खेळलेले कौर सिंग, १९८२ च्या एशियाडचे हेवीवेट गोल्ड, पद्मश्री, त्यांना म्हातारपणी हॉस्पिटलच्या बिलासाठी कर्ज काढावं लागलं तेव्हा कुठे पेपरात दोन रकाने आले. २०२३ मधे ते गेले तेव्हा आमच्या ग्रुपवर एक फुलाचा इमोजी पडला नाही.

राहिला प्रश्न बॉक्सर म्हणून जागेचा, कारण त्यावरही वाद आहेत आणि इथे फ्रेझरचे भक्त जरा जास्तच ताणतात. समोरच्यांचं म्हणणं असं असतं की १९७१ ला जो अली हरला तो गंजलेला होता, ४३ महिने बाहेर, परत आल्यावर क्वारी आणि बोनाव्हेना अशा दोनच मॅच खेळलेला. ह्यात तथ्य आहे. १९६७ चा अली फ्रेझरला सापडला असता का? मला नाही वाटत, निदान इतक्या वेळा नाही. दुसरं, फोरमन. २२ जानेवारी १९७३, किंग्स्टन, जमैका, दोन राउंडांत सहा वेळा खाली. १९७६ ला परत हरला. ज्याला एकच प्रकारचा माणूस असा सपाट करतो, लांब हातांचा, मागे न हटणारा, वजनदार ठोशाचा, त्याला सगळ्यात वरच्या पाचांत बसवताना मीही अडखळतो. ह्यावर माझ्या एका मित्राशी कायम वाजतं, तो मालवणला होडी चालवतो आणि त्याच्या मते फ्रेझर म्हणजे नुसता एक हात, उजवा जेवायला. मी त्याला म्हणतो आकडे बघ. ३२ जिंकल्या, त्यातल्या २७ नॉकआउट, एक बरोबरी, हरला चार. आणि त्या चार कोणाकडून? दोन अली, दोन फोरमन. तिसऱ्या माणसाने त्याला कधीच हरवलं नाही. किंग्स्टनला सहाव्यांदा पडून सुद्धा तो उठलेलाच होता, रेफ्रीने त्याला उभा असताना थांबवलं. त्यावर मित्र म्हणतो उठून काय उपयोग. बरं, नसेल. पहिल्या दहात माझ्या हिशोबाने तो बसतो, आणि त्या ८ मार्चच्या रात्रीचा फ्रेझर, फक्त ती एक रात्र धरली तर, लुईस, मार्सियानो, लिस्टन, कोणासमोरही उभा केला तरी पैसे लावायला मी तयार आहे. मित्र नाही. तो म्हणतो लिस्टनने खाल्ला असता.

अलीचं स्टेटस ठेवायला माझी ना नाही, पुढच्या ३ जूनला मीही ठेवणार. युद्धाला नाही म्हणणारा अली आणि खिशात रबरी गोरिला घेऊन फिरणारा अली हा एकच माणूस होता, आणि पहिल्याच्या पुण्याईवर दुसऱ्याचं बिल माफ करायचा अधिकार जर कोणाला होता तर तो फ्रेझरला. त्याने तो वापरला नाही. ज्यांच्या पोरांना त्या नावावरून शाळेत कोणी मारलं नाही त्यांनी त्याला मनाचा कोता म्हणायचं तेवढं आता बंद करा.